पाच हात चार बोटं

नोकरीत काय केलंत असं कोणी विचारलं की मी पाण्याच्या टाकीची गोष्ट सांगतो. टाकी बांधताना ठेकेदाराची कशी तारांबळ उडाली, पहिलं पाणी गढूळ आलं तेव्हा बाया घागरी घेऊन थेट ऑफिसात कशा शिरल्या, हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की नातवंडं मधले शब्द माझ्याआधी बोलतात. पेपरच्या पेटीची गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही. बोलणं त्या बाजूला जातंय असं वाटलं की मी टाकीकडे वळायचो. असं करता करता वर्षं निघून गेली. आता लिहून टाकतो. ज्याला सांगायची होती तो माणूस ऐकायला राहिला नाही. पण मधल्या काळात थोडं चांगलंही घडलं, आणि ते सांगायचं तर आधीचं लपवून चालणार नाही.

गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांचीही नाही. भंडारा जिल्ह्यातलं एक लहान शहर, एवढं पुरे. मी तिथल्या नगरपरिषदेत बांधकाम विभागात लिपिक होतो. रस्ते, नाल्या, फुटपाथ, दुकानांच्या पाट्या, अतिक्रमण, यांचे कागद माझ्या टेबलावरून जात. माझं अक्षर चांगलं होतं. साहेब लोक बदलून जात आणि नव्या साहेबाला जाताना सांगून जात की मसुदा या बाबूकडून लिहून घ्या. मला त्याचा अभिमान होता.

बस स्टँडसमोरच्या फुटपाथवर, कापडाचं दुकान आणि वाचनालय यांच्या मधल्या जागेत, एका लोखंडी खांबाला साखळीने बांधलेली पत्र्याची पेटी असे. चार पायांची, कमरेएवढ्या उंचीची, निळ्या रंगाची. वरचं झाकण उतरतं होतं आणि त्याला काच बसवलेली होती, म्हणजे आतल्या पेपरचं पहिलं पान उभ्याउभ्या दिसावं. बाजूला पैसे टाकायची खाच. पेपरवाला सकाळी नागपूरकडून येणाऱ्या गाडीतून गठ्ठे उतरवायचा, थोडे पेटीत ठेवायचा आणि बाकीचे सायकलला लावून घरोघर टाकायला निघायचा. पेटीपाशी कोणी बसलेलं नसे. झाकण उचलायचं, पेपर घ्यायचा, खाचेत पैसे टाकायचे. आमच्या गावात असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. बाजाराच्या पहिल्याच दिवशी पेटी रिकामी होईल असं आम्ही ऑफिसात म्हणालो होतो. तसं झालं नाही. लोक पेपर घेत आणि आजूबाजूला कोणी पाहत नसतानाही पैसे टाकत. काही जण मात्र नुसते काचेवर वाकून वाचायचे आणि बस लागली की निघून जायचे. आमच्या शिपायाने एकदा पेपरवाल्याला चिडवलं, की तुझा अर्धा पेपर गाव फुकटात वाचतंय. तो म्हणाला, "वाचते त वाचू द्या जी. अर्धंच पान दिसते. बाकीचं वाचासाठी उद्या घेईल."

तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. मूळचा अड्याळकडच्या एका खेड्यातला. वडिलांच्या पिढीत घर बौद्ध झालेलं, जमीन नव्हती, वडील दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेततुकड्यांत, राबले. हा सातवीपर्यंत शिकून शहरात आला. अंगाने बारीक, आखूड हातांचा, शर्टाच्या खिशात नेहमी पेन. आमच्या घरी पेपर तोच टाकायचा.

एक दिवस तो ऑफिसात माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. पेटीसाठी काही कायदा आहे का, असं विचारलं. मी म्हणालो, फुटपाथवरच्या पेटीसाठी असा काही नाही. "मंग करा ना जी," तो म्हणाला.

मी हसलो. आमच्याकडे लोक नियमातून सूट मागायला येत. नियम मागायला आलेला हा पहिलाच माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं. अतिक्रमणाची गाडी दर दोन-तीन महिन्यांनी निघते. आज पेटी सोडतात कारण शिपाई ओळखीचा आहे, उद्या नवा आला तर उचलतील. ओळखीवर राहायचं नाही त्याला. त्याचे वडील सांगायचे, की कागदावर लिहिलेलं असलं म्हणजे माणसाला कोणी ऊठ म्हणू शकत नाही. "मले कागदावर बसवून द्या, बाबूजी," असं तो म्हणाला. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांना कल्पना आवडली. मसुदा करा म्हणाले. मी आठ-दहा दिवस त्या मसुद्यावर बसलो. खरं सांगतो, नोकरीत मला इतकी मजा फार कमी वेळा आली. पेटी किती रुंद असावी, जमिनीत गाडायची नाही, साखळी विजेच्या खांबाला बांधायची नाही, दवाखाना आणि शाळा यांच्या फाटकासमोर ठेवायची नाही, काच फुटली तर मालकाने लगेच बदलायची. दुपारी पेपरवाला यायचा आणि मी त्याला एकेक कलम वाचून दाखवायचो. तो पेटीच्या बाजूने बोलेल असं मला वाटे, पण तो बहुतेक वेळा चालणाऱ्यांच्या बाजूने बोलायचा. पेटी ठेवल्यावर फुटपाथवर किती जागा मोकळी राहिली पाहिजे, यावर मी अडलो होतो. मी तीन फूट लिहिलं होतं. त्याने मान हलवली. बाजाराच्या दिवशी दोन बाया डोक्यावर भारे घेऊन समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागू नये, असं तो म्हणाला. मग टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं डोक्यावर हात धरून भारे असल्यासारखे उभे राहिलो आणि शिपायाने मधलं अंतर पाहिलं. चार फूट ठरले. म्हणजे नियमातला तो आकडा त्याचाच.

ठराव मंजूर झाला. पहिला अर्ज त्याचाच आला. अर्जावर पुढचं काम एकच होतं, स्थळ पाहणी. संबंधित लिपिकाने जागेवर जाऊन फुटपाथची रुंदी मोजायची, पेटीची रुंदी वजा करायची, आणि मोकळी जागा चार फुटांपेक्षा कमी नाही असा अहवाल लिहायचा. संबंधित लिपिक मीच होतो.

आता इथे आमच्या ऑफिसची एक रीत सांगितली पाहिजे. स्थळ पाहणी म्हणजे जागेवर जाणं, असं फक्त कागदावर होतं. आमच्या कपाटात फुटपाथची एक नोंदवही होती. फुटपाथ पहिल्यांदा बांधले तेव्हा कोणीतरी मेहनतीने प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी तिच्यात लिहून ठेवली होती. पाहणी आली की आम्ही ती वही उघडायचो, आकडा उतरवायचो आणि खाली लिहायचो, "समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली." सगळेच असं करत. आधीच्या बाबूने मला तसंच शिकवलं आणि मी माझ्या मागच्यांना.

त्या दिवशी मला घाई होती. आंबागडला मेहुणीचं लग्न होतं. बायको-मुलं आधीच गेली होती आणि मला दुपारची बस पकडायची होती. बस स्टँडवर मला जायचंच होतं. पेटी स्टँडच्या समोर. टेप माझ्या टेबलाच्या खणात. दोन मिनिटांचं काम. पण जायच्या आधी टेबल मोकळं करायचं म्हणून मी वही काढली. त्या तुकड्यापुढे पाच फूट लिहिलेलं होतं. पाचातून पेटीचे दोन गेले, उरले तीन. पाहिजेत चार. मी सुंदर अक्षरात लिहिलं की जागा अपुरी आहे, रहदारीस अडथळा होतो, अर्ज नामंजूर करावा. खाली समक्ष पाहणीचं वाक्य, सही. आणि लग्नाला गेलो.

परत आलो तेव्हा पेटी जागेवर नव्हती. नामंजूर झाली म्हणून अतिक्रमणाच्या ट्रॅक्टरने ती उचलून ऑफिसच्या मागच्या आवारात आणून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरवाला आला. चिडलेला नव्हता. त्याला वाटत होतं की कुठेतरी चूक झाली आहे आणि मी ती दुरुस्त करीन. त्याने खिशातून सुतळीचं एक भेंडोळं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. सुतळीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. फुटपाथ त्याने स्वतः मोजला होता, गावाकडे बांधी मोजतात तसा, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात धरून. "पाच हात चार बोटं भरला, बाबूजी," तो म्हणाला. "तुमी पाच फूट कुठून आणले?"

आसपासची टेबलं ऐकत होती. मला वाटतं मी त्या टेबलांसाठीच बोललो. "इथं फुटात चालते, भाऊ, हातात नाही. आन हात कोणाचा धराचा? तुमचा का माझा?"

सगळे हसले. शिपाईही हसला.

तोही थोडासा हसला. "माहाच धरा जी," तो म्हणाला. "माहा लहान हाय."

तो जायला निघाला आणि दारातून मागे वळून म्हणाला, "दोरी ठेवून घ्या. येळ भेटला त मोजून पाहजा."

मी त्याच संध्याकाळी घरी जाताना त्या जागेवर थांबलो. टेप काढली नाही, काढायची गरज नव्हती. फुटपाथच्या कडेने पूर्वी उघडी नाली होती. तिच्यावर फरश्या टाकून ती बंद केली त्याला तीन वर्षं झाली होती आणि त्या फरश्यांनी फुटपाथ मूळच्यापेक्षा निम्म्याहून जास्त वाढला होता. मी रोज त्या फरश्यांवरून चालत जात होतो. त्यांच्या कामाचं बिल माझ्याच टेबलावरून गेलं होतं. वहीतला आकडा बदलायचं काम माझं होतं, ते राहून गेलं होतं. दीड फुटाचा हात धरला तर पाच हात चार बोटं म्हणजे पावणेआठ फूट. पेटी ठेवूनही तिथून भारे घेतलेल्या दोन बाया गेल्या असत्या आणि बाजूने एखादी बकरीही.

चूक कोणाकडूनही होते. ती मी दुसऱ्या सकाळी एका ओळीत दुरुस्त करू शकलो असतो. पण ती ओळ लिहायची तर मी जागेवर गेलो नव्हतो हे लिहावं लागलं असतं. महिनाभरापूर्वीच दुसऱ्या विभागातला एक जण खोट्या पंचनाम्यासाठी निलंबित झाला होता. मी घाबरलो. भीती ओसरल्यावर दुरुस्त करू, असं मनाला सांगितलं. त्याने तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज केला. मी त्याच्यावर "यापूर्वी नामंजूर" एवढे दोन शब्द लिहिले, कारण तसा शेरा असला की पुन्हा पाहणी करावी लागत नाही. पहिली चूक मी आळसाने केली. ही विचार करून केली. तिसरा अर्ज आला नाही.

पेटी माझ्या खिडकीतून दिसायची. पहिल्या वर्षी काच फुटली. नंतर तिच्यातून गवत वर आलं.

पेटी गेल्यावर स्टँडवरचं गिऱ्हाईक तुटलं. ते भरून काढायला त्याने गावाबाहेरच्या वस्त्यांमधली घरं घेतली. पूर्वी नऊला संपणारी सायकल आता अकराला संपायची. पाच-सहा वर्षांत त्याचे गुडघे गेले. पण या सगळ्या काळात माझ्या व्हरांड्यातला पेपर एकही दिवस चुकला नाही. पावसात तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकायचा. मी दिसलो तर "येतो जी, बाबूजी" म्हणायचा. कधी कधी मला वाटायचं, याने एकदा तरी पेपर चिखलात टाकावा.

पुढे त्याने काम सोडलं. घरोघर पेपर टाकायची लाइन मुलीच्या हाती देऊन तो गावी परत गेल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं. मी निवृत्त झालो. टेबलाच्या खणातलं सामान पिशवीत भरून घरी आणलं. बायकोने पिशवी रिकामी केली तेव्हा तिला ती सुतळी सापडली. जुनी पण मजबूत होती. तिने त्या सुतळीने मच्छरदाणीचा एक कोपरा खिडकीच्या गजाला बांधला. मी पाहिलं आणि काही बोललो नाही, कारण नको म्हणालो असतो तर का म्हणून सांगावं लागलं असतं. तेव्हापासून मी रोज त्या गाठींखाली झोपत होतो.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पेपरवाल्याची मुलगी आमच्या दारात आली. चाळिशीची बाई, स्कूटी घेऊन. आम्ही तिला ओळखत होतो, कारण आता पेपर तीच टाकायची. त्या दिवशी तिच्या हातात फाइल होती. वाचनालयाच्या वर आता अभ्यासिका झाली आहे. पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी सकाळी सहापासून तिथे येऊन बसतात. बातम्या मोबाइलवर दिसतात, पण परीक्षेसाठी त्यांना पेपर कापून, रेघा मारून वाचायचा असतो, आणि त्या वेळी स्टँडवर पेपर मिळत नाही. तिला वडिलांसारखी पेटी ठेवायची होती, त्याच जागेवर. तिने नव्या नियमाप्रमाणे ऑनलाइन अर्ज केला होता. तो परत आला.

"काकाजी, ऑफिसात सांगतलं का जुन्या फायलीत नामंजूर हाय," ती म्हणाली. "जागा कमी पडते म्हणून. मी त रोज तिथं उभी राहतो, मले काही कमी दिसत नाही." तिने मोबाइलवर त्या कागदाचा फोटो दाखवला. "एक जण म्हणाला, हे अक्षर तुमचं हाय. तुमाले आठवते का काही?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती खरंच विचारत होती. मी चष्मा लावून फोटो पाहिला. किती सुरेख अक्षर होतं.

बायको आतून चहा घेऊन आली होती. मी दोघींना म्हणालो की मला उद्यापर्यंत वेळ द्या. मुलगी गेल्यावर मी खुर्चीवर चढून खिडकीच्या गजाची सुतळी सोडायला लागलो.

"हे का करून राहिले?" बायकोने विचारलं. "मंग मच्छरदाणी कायले बांधू?"

मी तिला खाली बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली. तिने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी फक्त म्हणाली, "माझ्या बहिणीच्या लग्नात तुमी दोन दिवस तोंड पाडून बसले होते. मले वाटलं, मानपान कमी पडला." मी सांगितलं की तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, त्या वेळी दाढ दुखत होती. ती हसली. मग उठून तिने गजाला नायलॉनची दोरी बांधली आणि सुतळी माझ्या हातात दिली.

सकाळी सात वाजता मी, बायको आणि पेपरवाल्याची मुलगी फुटपाथवर होतो. मी टेप आणली होती. कापडाच्या दुकानाच्या पायरीपासून फरशीच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावली. सात फूट नऊ इंच. मग मी सुतळी लावली. तिची शेवटची गाठ आणि पुढची चार बोटं बरोबर फरशीच्या कडेवर आली. मुलीने गाठींवरून बोट फिरवलं. ही कोणाची, असं तिने विचारलं. तुझ्या बापाची, मी म्हणालो, आणि जे बायकोला सांगितलं होतं ते तिला उभ्याउभ्या सांगितलं. तिने सुतळी नीट गुंडाळून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "हे लिहून द्याल का, काकाजी?"

त्याच दिवशी मी लिहून दिलं. एका पानाचं निवेदन. सदर पाहणी मी प्रत्यक्ष जागेवर जाऊन केली नव्हती, अहवालातील रुंदी जुन्या नोंदवहीतून उतरवली होती, ती चुकीची होती, ही बाब मला त्याच आठवड्यात कळली असूनही मी कळवली नाही. आता हात थरथरतो, त्यामुळे अक्षर पूर्वीसारखं आलं नाही. मला ते आवडलं. साहेब तरुण होते, माझ्या मुलाहून लहान. त्यांनी दोनदा वाचलं आणि दार लोटून घेतलं. जागा नव्याने मोजून परवाना देता येईल, म्हणाले, त्यासाठी या कागदाची गरज नाही. या वयात कशाला स्वतःवर ओढून घेता? मी म्हणालो, साहेब, गरज पेटीला नाही, फायलीला आहे. आवकमध्ये घ्या. आवकच्या टेबलावर शिक्का पडला तेव्हाचा आवाज मी नोकरीत हजारो वेळा ऐकला होता. त्या दिवशी तो कानाला बरा वाटला.

आठवड्याने पाहणी झाली. आता पाहणी करणाऱ्याला जागेवर टेप धरून फोटो काढावा लागतो आणि फोटोवर जागा आणि वेळ आपोआप उमटते. म्हणजे बाबूच्या शब्दावर आता कोणी विसंबत नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अशी सोय माझ्या वेळी असती तर मी लग्नाला दहा मिनिटं उशिरा पोहोचलो असतो, एवढंच.

परवाना मिळाला. पेटी नवी केली, रंग निळाच. आता खाचेशेजारी मोबाइलने पैसे द्यायचा चौकोनही चिकटवला आहे. काच मात्र तशीच उतरती ठेवायला मुलीने सांगितलं होतं. पहिल्या सकाळी अभ्यासिकेतली एक पोरगी काचेवर वाकून वाचत होती. मी जवळ गेलो तर ती दचकून बाजूला झाली. वाच म्हणालो, मालकाची हरकत नाही.

आता एवढं झाल्यावर पेपरवाल्याला भेटायला जाणं भाग होतं. मुलीने सांगितलं होतं की तिने वडिलांना पेटी झाल्याचं सांगितलं आहे, बाकीचं नाही. "थे तुमी सांगा, काकाजी." धान कापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. मुलगी तिच्या भावाच्या गाडीने आधीच गेली होती. मी एसटीने अड्याळला उतरलो आणि पुढचं अंतर चालत गेलो. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून जाताना मी वाक्य जुळवत होतो. मसुदा करण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं, पण ते वाक्य काही जमेना.

तो अंगणात बाजेवर बसला होता. गुडघ्यांवर चादर होती, शर्टाच्या खिशात पेन. मला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला आणि मी धावत जाऊन त्याला बसवलं. "या जी, बाबूजी. एवढ्या लांब काहून आले?" मुलीने मोबाइलवर पेटीचा फोटो काढून त्याच्या हातात दिला. दोन बोटांनी तो चित्र मोठं करत राहिला. मला आधी वाटलं तो पेटी पाहतो आहे. तो पेटीच्या बाजूची मोकळी जागा पाहत होता. "दोन भारे जाते," तो म्हणाला आणि फोन परत दिला.

मग धानाबद्दल बोलणं झालं, माझ्या पायांबद्दल, त्याच्या गुडघ्यांबद्दल. मुलगी चहा ठेवायला आत गेली. आम्ही दोघंच होतो. त्याने माझ्याकडे न पाहता विचारलं, "दोरी हाय का अजून तुमच्यापाशी?"

"हाय," मी म्हणालो.

"मोजली का?"

"मोजली."

"किती भरली?"

"पाच हात चार बोटं."

तो हसला. अगदी मनापासून, पोट हलेपर्यंत. "मी म्हणलं नोहतं का, माहा हात लहान हाय म्हणून. तुमचा धरला असता त साडेचारच भरली असती."

त्याला किती माहीत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित सगळंच. तो हसायचा थांबला, चादर सारखी केली आणि माझ्याकडे पाहिलं. घाई नव्हती त्याला. मी बोलावं म्हणून तो थांबला होता, असं मला नंतर कितीतरी वेळा वाटलं. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली आणि मी कप हातात घेतला. नंतर एसटीची वेळ झाली. निघताना मी म्हणालो, पुढच्या महिन्यात येतो. तो म्हणाला, "येजा जी."

पुढच्या महिन्यात माझं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, त्यानंतर थंडी. त्याच थंडीत तो गेला. मुलीने पेपर टाकताना मला दारात सांगितलं, आणि त्या दिवशीही पेटी वेळेवर भरलेली होती.

मी आता रोज सकाळी स्टँडवर जाऊन पेटीतून पेपर घेतो. घरी येणारा बंद केला, बायको म्हणते चालणं तरी होते. झाकण उचलायच्या आधी मी थोडा वेळ फरशीच्या कडेला उभा राहतो. बाजाराच्या दिवशी भारे घेतलेल्या बाया समोरासमोर येतात आणि कोणालाच थांबावं लागत नाही. बोडीच्या पाळीवर जे जुळलं नव्हतं ते वाक्य तिथे उभं राहून हळूहळू जुळलं. ते लांब नाही. त्याच्या अंगणात, चहा येण्याआधी, एवढंच म्हणायचं होतं:

भाऊ, मी त्या दिवशी जाग्यावर आलोच नोहतो. टेबलावर बसून लिहिलं. तुमची दोरी खरी हाय हे मले त्याच संध्याकाळी कळलं होतं, तरी मी चूप राहिलो, आन वरून लोकाईले हसवलं. तुमी कागदावर इश्वास ठेवला, आन कागद माझ्या हातात होता. मले माफ करा.